थकलेल्याला आळशी म्हणण्याआधी

आपल्या वस्त्यांत थकवा हा आजार मानलाच जात नाही. पहाटे नळाला पाणी येते म्हणून चारला उठायचे, सातला पहिल्या घरची भांडी, मग दुसऱ्या-तिसऱ्या घरची, दुपारी रेशनची रांग, संध्याकाळी पुन्हा आपली चूल. नाक्यावर उभा राहणारा मजूर, रात्रपाळीचा वॉचमन, कचऱ्याच्या गाडीवरचा कामगार, यांना 'दमलो' म्हणायची सोय नाही, कारण दमलेल्या दिवसाची हजेरी लागत नाही. अशा घरात एखादी सून सकाळी अंथरुणातून उठूच शकत नसेल, एखादा तरुण दोन जिने चढून भिंतीला टेकत असेल, तर त्याच्या वाट्याला पहिला शब्द येतो तो आळशी. दुसरा, कामचुकार. आणि तिसरा शब्द देवऋषी पुरवतो, दक्षिणा घेऊन.

या अंकात आम्ही एका अतिशय दुर्मिळ आनुवंशिक आजाराबद्दल लिहीत आहोत. रक्तातले एक वाहक प्रथिन जन्मापासून कमी असणे किंवा अजिबात नसणे, असा हा आजार. त्याचे नाव लांबलचक आहे, कॉर्टिकोस्टिरॉइड-बाइंडिंग ग्लोब्युलिनची कमतरता. डॉक्टर मंडळी त्या प्रथिनाला सीबीजी म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. हा आजार या पानाच्या वाचकांपैकी कुणाला असेल, याची शक्यता फारच थोडी. जगात नोंदलेली कुटुंबेच मोजकी आहेत. मग जागा का खर्च करायची, असे कुणी विचारेल. आमचे म्हणणे असे की या आजाराच्या गोष्टीतून थकव्याकडे बघण्याची दृष्टी मिळते, आणि रक्ताच्या अहवालातला एक आकडा माणसाला कसा चुकीच्या गोळीपर्यंत नेऊ शकतो तेही कळते. ही चुकीची गोळी मात्र आपल्या वस्तीत दुर्मिळ नाही.

आधी शरीरातला कारभार पाहू. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी आहेत, त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. रक्तदाब टिकवणे, साखर सांभाळणे, ताप, जखम, उपास, धावपळ अशा प्रसंगी शरीराला उभे ठेवणे, ही त्याची कामे. सकाळी तो जास्त असतो, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. पण हा रस रक्तात मोकळा फारसा फिरत नाही. त्यातला ऐंशी-नव्वद टक्के भाग सीबीजी या प्रथिनाला चिकटून प्रवास करतो, थोडा अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतो, आणि जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास मोकळा असतो. काम करतो तो मोकळाच. सीबीजी यकृतात तयार होते. जिथे सूज किंवा जंतुसंसर्ग असतो तिथे हे प्रथिन तुटते आणि कॉर्टिसॉल नेमका गरजेच्या जागी उतरतो, अशी ही सोय आहे.

लोकलचे उदाहरण घ्या. गाडीत बसलेला माणूस अजून कामाला लागलेला नसतो, स्टेशनवर उतरून बाहेर पडलेला माणूस काम करतो. आपली नेहमीची कॉर्टिसॉलची तपासणी गाडीतले आणि उतरलेले सगळे एकत्र मोजते. आता गाड्याच कमी असल्या तर एकूण मोजणी कमी भरणार. पण स्टेशनबाहेर कामाला लागलेली माणसे नेहमीइतकीच असू शकतात. सीबीजी कमी असलेल्या माणसाचे असेच होते. अहवालात कॉर्टिसॉलचा आकडा खाली घसरलेला, आणि मोकळा कॉर्टिसॉल बहुधा ठीक.

२००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड टॉर्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटालियन वंशाच्या एका कुटुंबाबद्दल लिहिले. एकोणचाळीस जणांचे मोठे कुटुंब. त्यात सीबीजी बनवणाऱ्या जनुकातला असा एक बदल सापडला की ज्यांना तो आई आणि वडील दोघांकडून आला त्यांच्या रक्तात हे प्रथिन मोजण्याइतकेही नव्हते. ज्यांना एकाकडूनच आला त्यांच्यात ते साधारण निम्मे होते. यातल्या पुष्कळांचा रक्तदाब कमी होता. आणि एकाच पालकाकडून बदल आलेल्या चौदा प्रौढांपैकी बारा जणांना दीर्घकाळचा, दुसरे कारण न सापडणारा थकवा होता. असा बदल असलेल्या प्रत्येकाला थकवा येतोच असे नाही, काहींना काहीच त्रास नसतो. मोकळा कॉर्टिसॉल ठीक असूनही काही जण का थकतात, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. खास असे ठरलेले औषधही नाही.

तरी त्या कुटुंबाचा विचार आम्हाला सोडत नाही. एकाच घरातली इतकी माणसे दमलेली. बाहेरचा माणूस काय म्हणेल? घराणेच सुस्त आहे म्हणेल. आपल्याकडे हे वाक्य घराण्यापुरते थांबत नाही, जातीपर्यंत जाते. 'या लोकांना काम नको' हे आपण शाळेत ऐकले, कचेरीत ऐकले, आरक्षणाच्या प्रत्येक वादात ऐकतो. ज्यांनी पिढ्यानपिढ्या गावाची सगळी कष्टाची कामे केली त्यांनाच आळशी म्हणायचे, हा या देशातला जुना शहाजोगपणा. त्यावर आपण चिडतो आणि चिडलेच पाहिजे. पण तोच शब्द आपण घरात सुनेला, पोराला, म्हाताऱ्या बापाला लावतो तेव्हा कुणी चिडत नाही.

आनुवंशिक म्हटले की आणखी एक गैरसमज उठतो. 'मागच्या जन्मीचे भोग'. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कर्माच्या प्रश्नावर स्वतंत्र चर्चा केली आहे. मागच्या जन्माचे कर्म या जन्मात गुणदोष घेऊन येते, ही कल्पना त्यांनी नाकारली आणि त्यासाठी आनुवंशिकतेच्या शास्त्राचाच आधार घेतला. मूल आईबापाकडून घेते. सीबीजीचे जनुक चौदाव्या गुणसूत्रावर आहे, त्याची एक प्रत आईची, एक बापाची. यात कुणाचे पाप नाही, करणी नाही, आणि 'हिच्या माहेरचा आजार' म्हणून बाईला टोचण्याची जागाही नाही. नात्यात लग्न, म्हणजे मामाच्या मुलीशी वगैरे, झाले असेल तर एकच दुर्मिळ बदल दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. हे सीबीजीपुरते नाही, असे कितीतरी आजार आहेत. विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल सांगायला नको. आपल्या समाजात तो पुष्कळ आहे, आणि तिथे लग्नाआधी दोघांची तपासणी हा घरातला साधा विषय झाला पाहिजे, पोरीच्या बदनामीचा नव्हे.

आता चुकीच्या गोळीकडे येतो.

सकाळी घेतलेल्या रक्तात कॉर्टिसॉल खूप कमी आला, माणूस थकलेला आहे, रक्तदाब कमी आहे. असे दिसले की डॉक्टरांना पहिला संशय येतो तो अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्याचा, म्हणजे अ‍ॅडिसनच्या आजाराचा. संशय योग्यच आहे. तो आजार जिवावर बेतणारा आहे आणि त्यात स्टिरॉइडची गोळी जन्मभर घ्यावी लागते. पण कारण सीबीजीची कमतरता असेल तर त्याच आकड्यावरून माणसाला गरज नसताना जन्मभराचे स्टिरॉइड चिकटू शकते. फरक ओळखता येतो. ग्रंथी निकामी असतील तर मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येणारा हुकूम, एसीटीएच, खूप वाढलेला असतो. बहुतेकदा रक्तातले सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असते. सीबीजीच कमी असेल तर एसीटीएच ठीक असतो. लाळेतला कॉर्टिसॉल तपासता येतो, कारण लाळेत मोकळाच भाग उतरतो. सीबीजी थेटही मोजता येते. हे सगळे गल्लीतल्या लॅबचे काम नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयात हार्मोनचे डॉक्टर असतील तर तिथे चिठ्ठी मागा.

अ‍ॅडिसनबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण तो आपल्या वस्तीत असू शकतो. क्षयरोगाचे जंतू अधिवृक्क ग्रंथींना पोखरतात, हे त्याचे एक जुने आणि माहीत असलेले कारण, आणि टीबी आपल्या चाळी-झोपड्यांतून गेलेला नाही. वजन उतरते, भूक मरते, उलट्या होतात, खारट खावेसे वाटते, उभे राहिले की अंधारी येते, आणि त्वचा काळवंडते. हाताच्या रेषा, बोटांची पेरे, हिरड्या, गालाचा आतला भाग, जुने व्रण जास्त काळे दिसतात. आपल्या रंगाच्या माणसात हे सहज सुटते. 'उन्हात काम करतो म्हणून काळा पडला' असे म्हणून आपणही सोडतो, डॉक्टरही सोडतात. ऊन हिरड्यांपर्यंत पोहोचत नाही. ज्याला टीबी होऊन गेला आहे आणि आता असा थकवा आहे, त्याने ही गोष्ट तोंडाने डॉक्टरांना सांगावी. आणि ज्याला खरोखर अ‍ॅडिसन आहे त्याने आमचा हा लेख वाचून गोळी सोडू नये. ती गोळी म्हणजे त्याच्या शरीराला जे बनवता येत नाही तेच आहे.

दुसऱ्या बाजूला, स्टिरॉइड आपल्याकडे अहवाल न बघताही वाटले जाते. कुणी 'ताकदीची गोळी' म्हणून देतो, कुणी सांधेदुखीची पुडी म्हणून, कुणी दम्यासाठी. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावे. पाकिटावर वाचा, पाकीट नसेल तर मागा, द्यायला नकार दिला तर तिथून उठा. चार दिवसांत भूक लागते, अंग हलके वाटते, बाई म्हणते डॉक्टर देवमाणूस आहे. चार-सहा महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेले, हातपाय बारीक, साखर आणि रक्तदाब वाढलेला, हाडे ठिसूळ, आणि छातीत दबून बसलेला टीबी पुन्हा उठण्याची भीती. यात सगळ्यात घातक गोष्ट पुढेच आहे. बाहेरून इतका रस येतोय म्हटल्यावर शरीरातल्या ग्रंथी काम बंद करतात. मग पैसे संपले, गावी गेलो, गोळी एकदम थांबली, की रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. म्हणून अशी गोळी बरेच दिवस चालू असेल तर मनाने बंद करू नका. सरकारी दवाखान्यात गोळी घेऊन जा, दाखवा, ते डोस हळूहळू उतरवतील. थकव्यावर उपचार म्हणून सुरू झालेली गोळी अशी स्वतःच थकव्याचा आजार होऊन बसते.

आकड्यांचा असाच घोळ थायरॉइडमध्ये होतो, आणि तो आपल्या फायलींत जास्त सापडेल, कारण थायरॉइडची तपासणी आता सगळीकडे होते. थायरॉइडच्या रसालाही स्वतःचे वाहक प्रथिन आहे. तेही काहींमध्ये जन्मतः कमी असते, पुरुषांत विशेष दिसते, कारण त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि पुरुषाकडे ते गुणसूत्र एकच असते. अशा माणसाचा टी-४ कमी येतो, टीएसएच मात्र ठीक असतो. त्याला थायरॉइडचा आजार नसतो, गोळी लागत नाही. टीएसएच ठीक आणि टी-४ कमी असे छापून आले तर 'मोकळा टी-४ बघायचा का?' एवढा प्रश्न डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे? काही डॉक्टरांना पेशंटने प्रश्न विचारलेला आवडत नाही, विशेषतः पेशंट वस्तीतला असेल तर. विचारायचा. आपण महाडला पाण्यासाठी प्रश्न विचारलेली माणसे आहोत.

आणि काही गोष्टी डॉक्टर विचारत नाहीत, त्या आपण सांगायच्या. गर्भनिरोधक गोळी चालू असेल, माला-डी असो की दवाखान्यातली फुकटची माला-एन, तर सीबीजी वाढते आणि कॉर्टिसॉलचा एकूण आकडा खोटाच मोठा दिसतो. गरोदरपणातही तसेच. यकृत बिघडलेले असेल तर सीबीजी घटते, आकडा छोटा दिसतो. दारूने यकृत गेलेल्या माणसाचा अहवाल म्हणून वेगळा वाचावा लागतो. रात्रपाळीच्या माणसाच्या शरीराचे घड्याळ सरकलेले असते, त्याची 'सकाळ आठ'ची तपासणी दिवसा काम करणाऱ्यासारखी वाचता येत नाही. वॉचमन, सफाई कामगार, हॉस्पिटलातल्या मावशी यांनी लॅबच्या चिठ्ठीवर 'रात्रपाळी' हा शब्द लिहून घ्यावा.

यावर कुणी म्हणेल, अहो, आमच्याकडे साधे हिमोग्लोबिन सात आहे आणि तुम्ही कुठले प्रथिन सांगता! बरोबर आहे. म्हणूनच तपासणी साध्यापासून सुरू व्हायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी सत्तावन्न टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. दहातल्या सहाच्या जवळ. थकव्याचे पहिले कारण तिथेच शोधायचे. मग साखर, थायरॉइड, टीबी, बी-१२, विदर्भात सिकलसेल, मूत्रपिंड, यकृत, झोप, आणि मनाचा आजारही. उदासी हाही शरीरातलाच आजार आहे, ते नखरे नव्हेत. यातले बरेचसे सरकारी दवाखान्यात फुकट किंवा थोड्या पैशांत होते. हे सगळे होऊनही काही सापडले नाही, रक्तदाब नेहमी खाली, आणि घरात आणखी कुणी असेच दमलेले असेल, तेव्हा दुर्मिळ आजाराचा विचार करायचा. आम्हाला राग आहे तो मधल्या टप्प्याचा. पहिले दोन अहवाल ठीक आले की 'काही नाही, टॉनिक घ्या' म्हणून फाईल मिटते. अहवालात काही न सापडणे आणि माणसाला काही न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकिगत आहे. हगवणीने तो स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. बुद्धांनी विचारले, तुझी काळजी कुणी का घेत नाही? उत्तर असे की मी इतर भिक्खूंच्या काही कामाचा नाही, म्हणून घेत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन अंथरुणावर ठेवले. मग संघाला बोलावून एकमेकांची शुश्रूषा करण्याचा नियम घातला. ही हकिगत वर्षावासात आपण ऐकतो. कामाचा नाही म्हणून टाकलेला माणूस, हेच त्यातले दुखणे आहे, आणि आजही आपल्या घरात थकलेल्याबद्दल आपण तेच मोजतो: हा किती कामाचा?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीने आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसवर आले. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी प्रसूतीच्या रजेच्या विधेयकाची बाजू घेतली होती. शरीराला मर्यादा आहे आणि ती मालकाच्या मर्जीवर नाही तर कायद्यात असली पाहिजे, असा तो विचार. घरकाम करणारी बाई आणि नाक्यावरचा मजूर आजही त्या अठ्ठेचाळीस तासांच्या बाहेर आहेत. त्यांना आजारपणाची पगारी रजा नाही. एक दिवस दवाखान्यात गेला की एक दिवसाची रोजी गेली, आणि मोठ्या रुग्णालयात एका चाचणीला तीन खेपा. म्हणूनच माणसे गल्लीतल्या ताकदीच्या गोळीकडे वळतात, अडाणीपणाने नव्हे. मोठ्या रुग्णालयांनी संध्याकाळची ओपीडी चालवावी आणि रक्त देणे, अहवाल, डॉक्टर ही कामे दोन खेपांत बसवावीत, ही मागणी वस्तीच्या संघटनांनी नगरसेवकापासून आमदारापर्यंत लावून धरली पाहिजे. गटारीच्या मागणीइतकीच ती महत्त्वाची आहे.

विहारातल्या मंडळींना आमची एक सूचना आहे. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ठेवा. आशाताईला किंवा वस्तीत नर्सिंग शिकलेल्या मुलीला बोलवा. रक्तदाबाचे यंत्र विहाराच्या वर्गणीतून घेता येते. सहा महिन्यांपेक्षा जास्त दमणारी जी माणसे आहेत त्यांचा बसून आणि उभे राहून असा दोन वेळा रक्तदाब घ्यावा, तारीख घालून वहीत लिहावा. सगळे जुने अहवाल, गोळ्यांची पाकिटे, टीबीचे कार्ड असेल तर ते, एका फायलीत लावायला मदत करावी. पहिल्या पानावर घरात आणखी कोण असे थकते, आईकडचे की वडिलांकडचे, ते लिहावे. डॉक्टरांकडे चार मिनिटेच मिळतात, त्या चार मिनिटांत ही फाईल बोलते. आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यापासून लांब ठेवा, पावसाळ्यात आपल्या घरात सगळ्यात आधी कागद भिजतात.